मेहुणीची ट्रंक आणि कोल्हापूरचे पाच दिवस

कोल्हापूरला लोक अंबाबाईच्या दर्शनाला जातात, नाहीतर चपला आणि गूळ आणायला. मी गेलो होतो तो मेहुणीच्या ट्रंकेत काय आहे ते पाहायला. परत आल्यावर ओळखीच्या मंडळींनी विचारलं, "कसं काय कोल्हापूर?" तेव्हा रंकाळ्याचं पाणी आणि रश्श्याचा रंग सांगून मी वेळ मारून नेली. खरं काय घडलं ते आता लिहितो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करत असे. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, आजोबांपासूनचे. माझी बायको शालिनी कोल्हापूरची. पोटातल्या गाठीने ती गेली. तिच्या आजारपणात मी गुडघे टेकून जितकी प्रार्थना केली तितकी सबंध आयुष्यात केली नव्हती, आणि ती गेल्यावर मला कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं. कुणी, ते उघड म्हणायची छाती नव्हती. म्हणून मी चर्चला जाणंच सोडलं.

देव बोलत नाही म्हटल्यावर मी बोलणाऱ्यांच्या शोधात निघालो. छापखान्यातल्या एकाने मला सदाशिव पेठेत एका निवृत्त ओव्हरसियरांकडे नेलं. त्यांच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी पाच-सहा माणसं प्लँचेटला बसत. पाटावर मुळाक्षरांचा कागद, मध्ये पालथी वाटी, वाटीवर सगळ्यांची बोटं. वाटी सरकत सरकत एकेका अक्षरावर जाई आणि ओव्हरसियर ती अक्षरं वहीत टिपून घेत. दुसऱ्याच बैठकीला शालिनी आली. 'मी सुखात आहे', एवढंच म्हणाली. मी हमसून रडलो. त्यानंतर तीन वर्षं मी एक गुरुवार चुकवला नाही.

मग एका गुरुवारी वाटीने अक्षरं जुळवली : 'कोल्हापूर. ट्रंक. आक्काने लपविले आहे.'

आक्का म्हणजे शालिनीची थोरली बहीण एस्तर. आजार उघडकीला येण्याच्या वर्षभर आधी शालिनी पंधरा दिवस एकटीच आक्कांकडे राहून आली होती. परतली ती जरा बदललेली. उगीच हसायची, उगीच माझ्याकडे पाहत बसायची. तेव्हापासून माझ्या मनात एक खडा होता. आता वाटीनेच सांगितल्यावर मी रजा टाकली आणि एस.टी.त बसलो.

गुरुवार, शाहूपुरी

स्टँडवर उतरलो तोच एका टांगेवाल्याने गाठलं. "कुणाकडं आलासा, पावणं?"

पुण्यात असा प्रश्न कुणी विचारला तर आपण पाकीट चाचपतो. मी म्हटलं, "कामासाठी आलोय."

"काम असंल की. पर कुणाकडं?"

मी नाव न सांगता नुसती गल्ली आणि घराचा नंबर सांगितला. गल्लीच्या तोंडाशी त्याने टांगा थांबवला, मला न विचारता माझी बॅग उचलली आणि शेजारच्या दुकानात मोठ्यानं चौकशी केली. "मिस्त्रींचं पावणं हाय म्हना की आदी!" असं मलाच दटावून त्याने बॅग थेट आक्कांच्या ओसरीत नेऊन ठेवली. ही आपुलकी की नुसता चोंबडेपणा, हे मला ठरवता आलं नाही. पहिले दोन दिवस कोल्हापुरात मला प्रत्येक माणसाबद्दल हेच ठरवता येत नव्हतं.

आक्का दवाखान्यात नर्स होत्या. उंच, सावळ्या आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीत कळावं. त्यांचे यजमान, म्हणजे माझे साडू योहान मिस्त्री, इंजिनं दुरुस्त करत. दोन्ही मुलं मोठी होऊन नोकरीला बाहेरगावी गेलेली. घर दोन खोल्यांचं.

"वाळलासा की पार," आक्का मला निरखत म्हणाल्या. "कशापायी आलासा?"

"सहजच. कोल्हापूर बघावं म्हटलं."

"सहज? तीन वरसं एक कारड न्हाय, आन् आता सहज?"

त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि मी नजर वळवली. ती वळवली नेमकी पलंगाखाली. तिथे हिरवी पत्र्याची ट्रंक होती. ट्रंक जुनी, पण कुलूप नवं कोरं. मी कुलपाकडे पाहिलं, आणि मी पाहिलं हे आक्कांनी पाहिलं.

रात्री मटण होतं. पांढरा रस्सा पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो दुधातलं काहीतरी गोड असेल असं वाटतं. ओल्या नारळाचा तो रस्सा घशाखाली उतरल्यावर मिरी आपली ओळख करून देते. आमच्याकडे पाहुण्याला 'अजून वाढू का?' असं विचारतात. इथे विचारत नाहीत. मी ताटावर हात आडवा धरला तर आक्कांनी बोटांवरूनच वाढलं. इतकं जेवू घालणारी बाई काहीतरी झाकते आहे, असा विचार मी हात धुताना केला. आज तो लिहायलाही लाज वाटते.

शुक्रवार, गंगावेस

दिवसभर आक्का घरात होत्या. नेमकी त्यांना सुट्टी होती, की त्यांनी घेतली होती? मी पुस्तक वाचायचं निमित्त करून पलंगावर बसलो, तर त्या समोर तांदूळ निवडत बसल्या. दोन तासांत आम्ही चार वाक्यं बोललो असू.

संध्याकाळी योहानरावांनी मला दूध प्यायला नेलं. कोल्हापुरात दूध घरोघर घालतात तसं रस्त्यावर पाजतातही. कट्ट्याला म्हशी बांधलेल्या असतात, गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि पेला तुमच्या हातात देतो. तालमीतून आलेले दोघे पैलवान माझ्या शेजारी उभे राहून पाण्यासारखं दूध पीत होते. माझ्या पेल्यावर बोटभर फेस होता. मी तो उजेडाकडे धरून पाहिला. पुणेकराची सवय.

गवळ्याने कमरेवर हात ठेवले. "काय बघतासा, पावणं?"

"काही नाही. पाणी..."

"पानी? म्हस तुमच्या म्होरं, हात माजं तुमच्या म्होरं, धार तुमच्या म्होरं! आता म्हशीच्या पोटात शिरून बघतासा काय?"

पैलवान हसले, योहानरावही हसले. मी पेला रिकामा केला. दूध कोमट होतं, आणि इतकं गोड की मी दुसरा पेला मागितला. घरी चालताना योहानराव म्हणाले, "उद्या जोतिबाला जाऊ. डोंगरावर एका चक्कीचं इंजिन बंद पडलंय. तुमचं डोंगर बगून हुईल, माजं काम हुईल."

मी हो म्हटलं आणि लगेच मनात आलं : मला घराबाहेर काढायची ही युक्ती तर नसेल?

शनिवार, जोतिबा

सकाळच्या गाडीने डोंगरावर गेलो. वळणावळणाने गाडी चढते आणि खाली पंचगंगेचं खोरं उसाने हिरवंगार दिसू लागतं. वर पोचल्यावर मात्र सगळं गुलाबी. पायऱ्या गुलाबी, भिंती गुलाबी, कुत्रीसुद्धा गुलाबी. आम्ही देवळात जाणारे नव्हतो, तरी एका घोळक्याने 'चांगभलं' म्हणत उधळलेला गुलाल माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर आलाच. मी झटकायला गेलो तर तो जास्तच पसरला.

चक्की होती एका दुकानाच्या मागच्या अंगाला. दुकानात गुलाल-खोबरं विकणारी साठीची बाई बसली होती. योहानराव इंजिनापाशी गेले आणि मी तिच्या बाकड्यावर टेकलो. तिने कपबशी पुढे केली.

"द्येव केलासा का?" तिने विचारलं.

"आम्ही ख्रिस्ती," मी जरा ताठ होऊन म्हटलं. आता ही चहा मागे घेते की काय, असं वाटलं.

"मिस्त्री बी तसंच हाईत की. ठावं हाय मला." ती खोबऱ्याच्या वाट्या रचत राहिली. "म्या सकाळ-संध्याकाळ वर जाऊन द्येवाला समदं सांगून येती. सुनंचं, चक्कीचं, गुडघ्याचं. तुमी सांगतासा का तुमच्याला?"

काय झालं कुणास ठाऊक. अनोळखी माणसापाशी खरं बोलणं सोपं जातं. मी म्हटलं, "तीन वर्षं बोललो नाही. त्याने माझं ऐकलं नाही."

"मंग तेच सांगायचं की त्यास्नी. भांडायचं. म्या भांडती." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एवढा शिकला-सवरलेला माणूस आणि मला इतकंही कळू नये. "घरच्या मानसावर रुसून शेजारी जेवाय जानारं मानूस बरं न्हवं, पावणं."

तिला वाटीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. तरीही मी दचकलो. आक्कांनी हिला निरोप पाठवला असेल, इथवर माझी शंका धावली.

एवढ्यात योहानराव काळे हात पुशीत आले. इंजिनाचं नोझल बिघडलं होतं, ते खाली शहरात, उद्यमनगरातल्या कारखान्यात नेल्याशिवाय भागणार नव्हतं. संध्याकाळी परतायचे ते आम्ही दोन वाजताच शाहूपुरीत पोचलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत आक्का जमिनीवर बसल्या होत्या. ट्रंक पलंगाखालून बाहेर ओढलेली, झाकण उघडं, आणि त्यांच्या हातात एक मोठं खाकी पाकीट.

माझ्या अंगात एकदम बळ आलं. "हेच ना ते? लपवायला काढलंत?"

आक्का उठल्या नाहीत. त्यांनी पाकीट माझ्यापुढे धरलं. "लपवाय न्हाय. द्यायला काढलं. परवापासून मनाचा हिय्या करतीय."

आत क्ष-किरणांची एक काळी फिल्म आणि दवाखान्याचे कागद होते. शालिनीचं नाव, वय, आणि तारीख. ती तारीख आजार आम्हाला पुण्यात कळला त्याच्या अकरा महिने आधीची होती. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. तारखांच्या चुका काढण्यात माझा जन्म गेला. या तारखेत चूक नव्हती.

"तिला माहीत होतं?"

"व्हय. दुखतंय म्हनून माज्याकडं आलती. डाक्टरनी सांगितलं, आपरेशन हुनार न्हाय. तिनं माज्याकडनं सबूद घेतला."

मग मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. एक वाक्य आठवतं, कारण ते मीच नंतर दिवसभर ऐकत होतो. "तुम्ही माझ्या बायकोचं शेवटचं वर्ष चोरलंत, आक्का. तुम्ही चोर आहात."

योहानराव पुढे झाले, पण आक्कांनी त्यांना हाताने थांबवलं. त्यांचा तो मोठा आवाज आता खाली आला होता.

"म्या चोर. बरं. आन् तुमी? पुन्यासनं कळलंय मला समदं. ती गेल्यावर तिला सुखानं निजू दिलासा का? दर बेस्तरवारी उठवून वाटीखाली बसवलासा!"

"ती बोलते माझ्याशी!"

"काय बोलती? माजी शाली काय म्हनाली मला, सांगू?" आक्कांनी पदर तोंडाला लावला आणि काढला. "म्हनली, 'आक्के, त्यास्नी सांगू नगंस. द्येवासंगं भांडत बसत्याल. जेवायचं बी न्हाईत. एक वरीस तरी सुखानं जेवू दे त्यास्नी.'"

मी पलंगावर बसलो. आक्कांच्या तोंडून शालिनी बोलली होती. नक्कल म्हणून नव्हे, दोघी बहिणींची बोलीच ती. स्वयंपाकघरातून मला हाक मारणारी, शेजारणीशी भांडणारी, तापात बरळणारी शालिनी अशीच बोलायची. तीन वर्षांत वाटीने एकदाही 'न्हाय' म्हटलं नव्हतं. वाटी म्हणायची, 'लपविले आहे'. शुद्ध, छापील, ऱ्हस्व-दीर्घाचीही चूक नाही. तशी मराठी लिहिणारं त्या पाटाभोवती कोण होतं? मी.

आणखी एक गोष्ट तेव्हा आठवली. लग्नानंतर शालिनी मला माहेराहून कार्डं लिहायची. ती परत आली की मी त्यांवर लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या तिला दाखवायचो. गंमत म्हणून. ती हसायची. मग तिने कार्डं लिहिणं बंद केलं. गुरुवारी येत होती ती माझी दुरुस्त केलेली शालिनी. तिला मीच लिहीत होतो, आणि आक्कांवरचा संशयही तिच्या तोंडी मीच घातला होता.

मी बाहेर पडलो. रंकाळ्याच्या काठावर ऊन उतरेपर्यंत बसलो. शेंगदाणेवाला दोनदा येऊन गेला. रडू येत नव्हतं, राग येत होता. आधी शालिनीचा, मग आक्कांचा, मग ओव्हरसियरांचा, आणि शेवटी उरला तो एकच, ज्याच्यावर इतकी वर्षं उघड रागवायची छाती झाली नव्हती. डोंगरावरच्या बाईने सांगितलं तसं मी त्याच्याशी भांडलो. मनातल्या मनात, पण खरंखुरं. काही उत्तर आलं असं मी म्हणणार नाही. मात्र भांडताना समोर कुणी नाही असं एकदाही वाटलं नाही.

रविवार, उपासना

सकाळी आक्का आणि मी एकमेकांशी बोललो नाही. त्या पांढरं लुगडं नेसून निघाल्या. योहानरावांनी दारात थांबून माझ्याकडे पाहिलं. ते 'चला' म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी गेलो नसतो.

चर्च साधंच, कौलारू. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधून वाट. आमच्या पुण्याच्या चर्चमध्ये पेटी संथ वाजते. इथे ढोलकी होती आणि लोक शेत ओलांडून हाक मारावी तसे गात होते. मी गायलो नाही. सायकलवरून आलेल्या तरुण पाळकांच्या विजारीला अजून क्लिपा होत्या. हा पोरगा काय सांगणार, असं म्हणत मी हाताची घडी घातली.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं. पाळक म्हणाले, कुणाशी वाकडं असेल त्याने आधी ते मिटवावं आणि मग भाकरीला हात लावावा. नेहमीचंच. शेकडो वेळा ऐकलेलं. वडीलजनांपैकी, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी, एकजण भाकरीच्या तुकड्यांचं ताट घेऊन बायकांच्या रांगेतून निघाले. आक्कांपुढे ताट आलं, तेव्हा त्यांनी मान हलवली.

वडीलजन थबकले. त्यांनी ताट जरा पुढे केलं. आक्कांनी पुन्हा मान हलवली आणि खाली पाहिलं. शेजारच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. योहानराव माझ्या कानाशी पुटपुटले, "लगीन झाल्यापासनं एक डाव चुकली न्हाई ती."

मला कुणी ढकललं नाही. या खेपेस वाटीवरच्यासारखं कुणाचं बोट होतं असं मी म्हणू शकत नाही. मी उठलो, मधली वाट ओलांडली आणि बायकांच्या बाजूला आक्कांच्या बाकापाशी जाऊन उकिडवा बसलो. ढोलकी थांबली. सगळं चर्च माझ्याकडे पाहत होतं, हे पाठीला कळत होतं.

"आक्का, मी तुमच्यावर संशय घेतला. तुम्हाला चोर म्हटलं. मला क्षमा करा."

आक्कांना हळू बोलता येत नाही. "घेतलासा की!" ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं. मग त्यांचे डोळे भरले. "म्या बी लपिवलं, पावणं. तिचा सबूद राखला, पर तुमचं वाईट केलं. दर रविवारी इतं बसून सलत हुतं. मला बी माफ करा."

"शालू बरोबर बोलली होती," मी म्हटलं. "मी खरंच जेवलो नसतो."

आक्का रडता रडता हसल्या. पाळक वेदीपाशी उभे होते, त्यांनी घाई केली नाही. मग स्वतः वडीलजनांच्या हातून ताट घेऊन ते आमच्यापाशी आले. आधी आक्कांनी घेतलं, मग मी. भाकरीचा तुकडा नखाएवढा होता. तो तोंडात विरघळेपर्यंत मी तिथेच बसून होतो. कुणीही मला माझ्या बाजूला जा म्हणालं नाही.

सोमवार, परतीच्या गाडीत

आक्कांनी पाकीट मला दिलं, मी ते परत त्यांच्या ट्रंकेत ठेवलं. मला ते पुण्याला न्यायचं नव्हतं. "पुन्यांदा येनार न्हवं?" त्यांनी स्टेशनवर विचारलं. "नाताळाला येतो," मी म्हटलं. "बघू," आक्का म्हणाल्या. माझ्यावर पुरता विश्वास बसायला त्यांना वेळ लागणार होता, आणि ते रास्तच होतं.

पुण्यात पोचल्यावर ओव्हरसियरांना मी पत्राने कळवलं की आता गुरुवारी येणार नाही. त्यांनी उलट टपाली लिहिलं की शालिनी फार दुखावली आहे. मी उत्तर दिलं नाही. माझा संशयी स्वभाव गेला, असं मी कुणाला सांगत नाही. आजही प्रार्थनेला बसलो की मध्येच मन विचारतं, ऐकतंय का कुणी? फरक इतकाच की आता तो प्रश्नही मी त्यालाच विचारतो.

त्या सोमवारी परतताना जयसिंगपूरला डब्यात एक शेतकरी चढला आणि माझ्यासमोर बसला. जेवणवेळ झाली होती. त्याने फडकं सोडलं, भाकरी-पिठलं काढलं. मीही आक्कांनी बांधून दिलेला डबा उघडला, आणि इतक्या वर्षांनी कसं सुरू करावं ते न कळून डोळे मिटले. दोन ओळी म्हणायच्या ठरवल्या होत्या. पण शालिनीचं सांगितलं, आक्कांचं सांगितलं, ती अकरा महिने एकटीने कशी सोसत असेल ते सांगता सांगता ओठ हलायला लागले आणि बराच वेळ गेला.

डोळे उघडले तर समोरचा माणूस हातातला घास तसाच धरून माझ्याकडे पाहत होता.

"कुनासंगं बोलत हुतासा, पावणं?"

"देवाशी."

"झालं का बोलून?"

"झालं बहुतेक."

"न्हाय, ऱ्हायलं असंल तर बोलून घ्या की," तो म्हणाला, आणि घास परत भाकरीवर ठेवून थांबला.

मी पुन्हा डोळे मिटले.